दोन सुनिल मडावी

मंजुषा बुरांडेला स्वस्थ बसता येत नाही, हे पोंभुर्ण्यात तिच्या आईपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जेवताना ती दोनदा उठायची, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. मोठी झाली, प्रोग्राम लिहायला शिकली, चंद्रपूरला तुकूममधल्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात लागली, तरी पाय काही थांबला नाही. ऑफिसचा मालक लोकेश. त्यानं तिचं टेबल भिंतीला लावून दिलं होतं, कारण तिचा पाय हलायला लागला की शेजारच्याचा कॉम्प्युटरही हलायचा.

वय तीस. त्याआधी पुण्यात चौदा महिने नोकरी झाली, नागपुरात आठ. दोन्हीकडे कोणी काही वाईट वागलं नव्हतं. हिलाच चैन पडेना. वडील लटारू धानाची शेती करत आणि दर रविवारी फोनवर एक स्थळ सांगत. ती दर रविवारी त्यात एक खोट काढी. मुलगा चांगला असला तर गाव वाईट, गाव चांगलं असलं तर मुलाच्या मिशा. "तुले कुठीबी गेली का नवीनच पाटी लागते, पोरी," असं लटारू एकदा म्हणाले होते आणि तिनं चिडून फोन ठेवला होता. चिडली, कारण बोलणं खरं होतं. नव्या जागी कोणी आपल्याला ओळखत नाही, आपलं मागचं अर्धवट राहिलेलं कुणाच्या ध्यानात नाही, हे सुख तिला फार आवडायचं. कामाचंही तसंच. कुठलंही काम नव्वद टक्क्यांपर्यंत ती झपाट्यानं नेई, आणि उरलेल्या दहाचा तिला मनस्वी कंटाळा येई.

या उरलेल्या दहा टक्क्यांनीच शेवटी तिला गाठलं.

एका धर्मादाय दवाखान्याची गाडी गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांमधून फिरायची. सिकलसेल शोधायची. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मग हाडं आतून ठणकायला लागतात. ज्याला आजार, त्याला लाल कार्ड आणि रोजच्या गोळ्या. ज्याच्या अंगात तो नुसता दडून आहे, त्याला पिवळं कार्ड. कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणाला कोणतं कार्ड, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मंजुषानं लिहिला होता. गाडीवरच्या नर्स टॅबवर नोंदी घ्यायच्या आणि नेटवर्क मिळालं की त्या चंद्रपूरला यायच्या. गोळ्या कोणाला द्यायच्या, ती यादीही त्यातूनच निघे.

ऑगस्टच्या एका सकाळी चंदाबाईंचा फोन आला. चंदाबाई त्या गाडीवरच्या नर्स, आरमोरीच्या, पन्नाशीच्या. फोनवर त्या नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नसत.

"मंजुषा, मले दोन सुनिल मडावी दिसून राह्यले."

"असतील बाई. मडावी काय कमी आहेत का मुलचेऱ्यात?"

"बापाचं नाव सुकलू. दोघाचंबी. वय बावीस, दोघाचंबी. एक त्याच्या जुन्या गावात आहे, लाल कार्डवाला. तीन फेऱ्या गैरहजर, म्हणून यादीतून नाव गेलं. दुसरा कोसमटोल्यात, इतवारी आत्रामच्या घरी. त्याच्यापुढं लिवलं आहे, तपासणी बाकी. आता तूच सांग, हा पोरगा दोन ठिकानी कसा काय राहून राह्यला?"

मंजुषाचा पाय थांबला. मग दुप्पट वेगानं सुरू झाला. "त्याला गोळ्या मिळाल्या का?"

"कोन देईल? जुन्या गावात तो नाई, नवीन गावात त्याले आजार नाई. तीन महिने झाले. आन् काल कोसमटोल्याच्या आशाताईचा निरोप आला, का तो पोरगा खाटेवर पडून आहे."

फोन ठेवल्यावर मंजुषानं कोड उघडलं. तिला शोधावं लागलं नाही. काय झालं आहे, हे तिला फोनवरच कळलं होतं.

ही भानगड समजायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. प्रोग्रामात माणूस, घर, गाव अशा वस्तू असतात आणि डेटाबेसात नुसते तक्ते. दोहोंची गाठ घालून द्यायला मध्ये एक फ्रेमवर्क बसवलेलं असतं. कामाला वाघ, पण स्वभावानं सांगकाम्या. त्याच्या हाती एखादा माणूस देताना 'ॲड' म्हटलं, की तो समजतो हा नवा आहे. नवी ओळ लिहितो, नवा क्रमांक देतो. 'अटॅच' म्हटलं, की समजतो हा आपल्याकडे आधीपासून आहे. नुसता ओळखीत घेतो आणि बदललं असेल तेवढंच बदलतो. मेख अशी, की एखादं घर 'ॲड' केलं तर त्या घराला धरून जी जी माणसं आहेत, ती सगळीच तो नवी समजतो. नव्या घरात जुना माणूस राहायला आलेला असू शकतो, हे त्याला आपण वेगळं सांगावं लागतं.

मंजुषानं सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत, काम देण्याची तारीख तोंडावर आली असताना, नवं घर साठवताना डेटाबेस अडला होता. या क्रमांकाचा माणूस आधीच आहे, अशी त्याची तक्रार होती. तक्रार शंभर टक्के रास्त होती. हिनं पंधरा मिनिटं डोकं खाजवलं, कंटाळली, आणि एक ओळ लिहून मोकळी झाली: घर साठवण्याआधी त्यातल्या सगळ्या माणसांचे क्रमांक शून्य करा. क्रमांकच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं? तक्रार बंद झाली. संध्याकाळी लोकेशनं पेढे आणले.

ती ओळ आता समोर होती. तिनं ती पुसली, तिच्या जागी काय हवं होतं ते लिहिलं. अर्ध्या तासाचं काम. तेच फेब्रुवारीत का केलं नाही, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे ऐकलं नाही. मग असे दुहेरी झालेले आणखी कोण आहेत, ते शोधायला घेतलं. नव्या गावांमध्ये नवी घरं नोंदवताना ज्यांना जुन्या यादीतून उचललं होतं, ते सगळे. तीनशे सतरा निघाले.

तीनशे सतरांपैकी तीनशे अकरा बायका होत्या.

हे वाचून ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. सासरी आलेल्या सुना. त्यांचं गाव बदललं, आडनाव बदललं, कुणाकुणाचं नावही बदललं. यादीत त्या 'तपासणी बाकी' म्हणून आल्या, तेव्हा कोणालाही नवल वाटलं नाही. नवीनच आली आहे ना घरात. त्यांनी बोट पुढे केलं असेल, पुन्हा रक्त दिलं असेल, कोणी काही विचारलं नसेल. सहा महिने तिची चूक या तीनशे अकरा बायकांच्या आड सुखानं राहिली होती. उघडी पडली ती एका पुरुषामुळे, जो नाव न बदलता मुलीच्या घरी राहायला गेला होता.

तशी रीत आहे तिकडे. लग्नाआधी पोरगा मुलीच्या घरी राहतो, वर्ष दोन वर्षं त्या घरच्या शेतात राबतो, आणि मुलीच्या बापाला तो पटला की मग लग्न लागतं. त्याला लमसेना म्हणतात. सुनिल मडावी कोसमटोल्याच्या इतवारी आत्रामकडे लमसेना होता.

"यंत्रानं जोडून टाक ना सगळे," लोकेश म्हणाला. "नाव सारखं, बाप सारखा, झालं."

"आणि चुकून दुसराच सुनिल निघाला तर? त्याच्या नावावर लाल कार्ड चढवू? एकदा जोडलं की सुटत नाही, लोकेश. विचारायला लागेल."

"फोनवर विचार."

"मी जाते," मंजुषा म्हणाली. लोकेशनं तिच्याकडे पाहिलं. कुठूनही निघून जाण्याची तिची हौस त्याला माहीत होती, पण चूक झाली तिकडेच निघालेली ती त्याला पहिल्यांदाच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा आणि चंदाबाईंना घेऊन दवाखान्याची गाडी आष्टीचा पूल ओलांडून मुलचेऱ्याच्या रस्त्याला लागली. वैनगंगा भरून चालली होती. मंजुषानं वाटेत तीनदा चंदाबाईंना विचारलं की अजून किती, आणि तिसऱ्यांदा चंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. एका बंगाली वस्तीपाशी ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. टपरीवाल्यानं तळ्यातल्या माशांचा भाव सांगायला घेतला, आणि ही आपली चहा हातात धरून गाडीभोवती फेऱ्या घालत होती. त्या पोराला आत्ता कळा येत असतील, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. चहा गटारात ओतून ती आधीच गाडीत जाऊन बसली.

"जुन्या गावी तो गोळ्या घ्यायचा ना नीट?" तिनं विचारलं.

"एकबी फेरी चुकवली नाई त्यानं दोन वर्षं," चंदाबाई म्हणाल्या. "म्हणूनच तं मले उमजत नाई. मे महिन्यात तो कोसमटोल्यात गाडीपाशी आल्ता. मी सुट्टीवर होती, दुसरी नर्स होती. तिनं यादी पाहून सांगतलं, तुझ्या नावापुढं काहीच नाई, तू नवीन आहेस, रक्त द्यावं लागेल. तो उभा राह्यला आन् निघून गेला, म्हणे. काऊन गेला? सांगाचं ना तोंडानं, का मी लाल कार्डवाला आहो म्हणून."



इतवारीचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगण शेणानं सारवलेलं, कुडाला वाळत घातलेल्या बरसात्या, आणि पडवीत एक खाट. खाटेवर सुनिल गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. सडपातळ पोरगा, डोळे पिवळट. इतवारी दारातच भेटला, 'जय सेवा' म्हणून नमस्कार केला. साठीतला, कमी बोलणारा माणूस.

"धानाच्या रोवन्यात, चिखलात दहा दिवस उभा होता," तो म्हणाला. "थंडी भरली असल. पोरगा कामाचा आहे. बसत नाई." 'बसत नाई' हे त्यानं अशा सुरात सांगितलं, जसं आपल्या दावणीचा बैल चांगला असल्याचं माणूस पाहुण्याला सांगतो.

चंदाबाईंनी ताप पाहिला, डोळे पाहिले, फोनवर डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात घेऊन या, सलाईन लावावं लागेल, रक्त तपासून गोळ्या पुन्हा सुरू करू. चंदाबाई गाडीतून सामान आणायला गेल्या आणि जाताना इतवारीलाही 'गादी टाकाले हात लावा' म्हणून बाहेर घेऊन गेल्या. हे त्यांनी मुद्दाम केलं, हे मंजुषाला नंतर कळलं. पडवीत ती आणि सुनिल दोघंच उरले.

"तुम्ही सुकलू मडावींचेच ना?" तिनं टॅब पुढे धरला. "हे पाहा. हा जुन्या गावचा सुनिल, लाल कार्ड. आणि हा इथला. दोन्ही तुम्हीच?"

सुनिल कोपरावर उठला. त्यानं त्या दोन ओळी वाचल्या. एका नावापुढं लाल ठिपका होता. दुसऱ्यापुढं काहीच नव्हतं.

"मीच आहो," तो म्हणाला.

"चूक माझी आहे. हे सगळं मी लिहिलेलं आहे. तुम्हाला गोळ्या मिळाल्या नाहीत, त्या माझ्यामुळे." हे वाक्य तिनं गाडीत वीस वेळा घोकलं होतं.

सुनिलला त्या माफीचं काही करता आलं नाही. तो अजून टॅबकडेच पाहत होता. "आता कोनता ठेवता?"

"जुना. त्यातच सगळं आहे. इथलं घर त्याला जोडायचं, आणि ही दुसरी ओळ पुसायची."

"हाच ठेवा ना," तो म्हणाला आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "त्या नर्सबाई म्हनल्या, का तुझ्या नावापुढं काहीच नाई. मले लई बरं वाटलं, मॅडम. मी म्हटलं, चाला, मशीननंच लिवलं आहे तं नसलच मंग. गाव सोडलं, तं तेबी तिथंच राह्यलं असल. मले मालूम होतं, का असं नसते. पन मी मानून घेतलं."

 पुण्याहून नागपूरला जाताना, नागपूरहून चंद्रपूरला येताना मंजुषानंही हेच मानून घेतलं होतं, की जे मागे टाकलं ते तिथंच राहिलं. फरक इतकाच, की तिच्या मागे काही दुखत नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि या पोराची इतकी दया आली, की तिनं नजर वळवून कुडाकडे पाहिलं.

"काही नाही लिहिलं, म्हणून गोळ्याही नाहीत," ती शेवटी म्हणाली. "हाच ठेवला तर पुढच्या महिन्यातही मिळणार नाहीत."

"आन् तो ठेवला, तं मामाले समजते." मामा म्हणजे इतवारी. "दर महिन्याले गाडी येईल, माझं नाव पुकारतील. लाल कार्डवाल्याले कोन पोरगी देते? सोळा महिने झाले मले इथी, एप्रिलपर्यंत गोळ्या जुन्या गावी जाऊन चोरून आनल्या. धान निघालं का लगन आहे."

आतून करिश्मा बाहेर आली. इतवारीची मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, हातात पाण्याचा गडू. तिनं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. ती सुनिलशी गोंडीत काहीतरी बोलली, थोडंसंच, आवाज न चढवता. मग मंजुषाकडे वळून मराठीत म्हणाली, "मले मालूम आहे. त्याच्या पिशवीत गोळीचे रिकामे पत्ते हायेत, ते त्यानं फेकले नाई. रोवन्यात तो मधातच बसे, तवा त्याच्या वाट्याचं मीच लावत जाऊ. बाबाले मागं पाहू नाई दिलं."

सुनिलनं मान खाली घातली. गाडीपाशी दार लावल्याचा आवाज झाला. इतवारी परत येत होता.

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जोडणार नाही," मंजुषा घाईनं म्हणाली. हे तिला ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या तिथं तिला पटलं होतं. तिचं बोट टॅबवर होतं आणि सबंध अंग आतून धावत होतं.

इतवारी पडवीत आला. तिघांची तोंडं पाहून थांबला. "काय झालं?"

 मग सुनिल खाटेची पाटी धरून उठून बसला. दुखल्यामुळे त्याचे ओठ आत ओढले गेले. "मामा, मले लाल कार्ड आहे. लहानपनापासून. मी सांगतलं नाई." एवढं मराठीत बोलला, मंजुषानंही ऐकावं म्हणून असेल. पुढचं गोंडीत.

इतवारीनं ऐकून घेतलं. करिश्माकडे पाहिलं; तिनं नजर चुकवली नाही. त्यावरून त्याला जे कळायचं ते कळलं असावं, कारण तिला त्यानं काही विचारलं नाही. तो पडवीच्या खांबाला टेकून अंगणात पाहत उभा राहिला. सुनिल मंजुषाकडे वळला आणि म्हणाला, "जोडा, मॅडम."

तिनं जोडलं. जुना क्रमांक, लाल ठिपका, दोन वर्षांच्या गोळ्या, सगळं इतवारी आत्रामच्या घराखाली येऊन बसलं. कोरी ओळ गेली.

ड्रायव्हरनं आणि चंदाबाईंनी सुनिलला दोन्हीकडून धरून गाडीत नेलं. गादीवर तो टेकला, तेव्हा चंदाबाईंनी दवाखान्याचा कागद काढला. पेशंटसोबत कोणीतरी लागतं, सही लागते. जुन्या गावी सुनिलचा बाप एकटा, त्याला निरोप पोहोचायलाच संध्याकाळ होणार. चंदाबाईंनी एकदा करिश्माकडे पाहिलं, एकदा घराकडे, आणि कोणाला उद्देशून नाही असं विचारलं, "सोबत कोन येते?"

इतवारी घरात गेला. मंजुषाला वाटलं, संपलं. तिला त्या क्षणी गाडीत बसून, चंद्रपूर सोडून, कुठेतरी निघून जावंसं वाटलं, आणि ती जागची हलली नाही. उत्तर ऐकायचं होतं.

इतवारी बाहेर आला, तो सदरा घालून. काखेत चादर होती. गाडीच्या पायरीवर चढून तो सुनिलच्या पायापाशी बसला आणि त्यानं चादर त्याच्या पायांवर टाकली.

"नातं काय लिवू?" चंदाबाईंनी विचारलं.

"अजून तं काई नाई," इतवारी म्हणाला. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"जावई लिवा," तो म्हणाला.